पिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती, की मुलाबाळांना घेऊन प्राणी-पक्षी-दगडांच्या म्युझियमला जायचं असेल, तिथल्या वर्कशॉपबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. गणपतीच्या धामधुमीत कोण पाठवणार असं वाटलं होतं, पण एवढे मेसेज आले की मोदक वळता वळता वाचत होते आणि फोनला सगळी तांदळाची पिठी लागली. सगळे काही घेता येणार नाहीत. जे परत परत येत होते ते घेतलेत, आणि एक-दोन असे की विचारले एकानेच पण उत्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. नावं नेहमीसारखीच छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : ताई, मुलगा ११ चा आणि मुलगी ५ ची. दिवाळीत दरवर्षी मामाच्या गावी जातो, यंदा ठरवलंय की हाडं, दगड, पक्षी वगैरे असलेल्या मोठ्या म्युझियमला न्यायचं, जिथे मुलांचे वर्कशॉपपण होतात. आपल्याकडे तसं काही सापडलं नाही. नेटवर दिल्लीचं नाव पहिलं येतं. कुठे जावं? आणि एवढा खर्च करून मुलं दहा मिनिटात "मम्मी चल ना" करतील का? (एक आई, भुसावळ)

उत्तर : दिल्लीचं तिकीट काढलं नसेल तर काढूच नका. मंडी हाऊसजवळचं ते राष्ट्रीय निसर्ग-इतिहास म्युझियम १९७८ मध्ये सुरू झालं होतं, चांगलं होतं, पण एप्रिल २०१६ मध्ये रात्रीची आग लागली आणि सगळं जळून गेलं. नेटवरच्या जुन्या याद्यांमध्ये मात्र ते अजून मस्त चालू आहे.

आणि तुम्ही भुसावळच्या, तुम्हाला काय काळजी, जंक्शन घराशी! भोपाळ साधारण ४०० किलोमीटर, नागपूर जवळपास तेवढंच, मुंबई ४५० च्या आत, तिन्हीकडे थेट गाड्या आणि तिन्हीकडे बघण्यासारखं आहे. बाकी खान्देशाने भुसावळवर जळावं ते ह्याच्यासाठी.

माझ्या मते पहिलं भोपाळ. दिल्लीच्याच म्युझियमची ती शाखा, १९९७ पासून सुरू आहे (बाकीच्या शाखा म्हैसूर, भुवनेश्वर आणि सवाई माधोपूरला). जंगलाचे देखावे उभे करून त्यात प्राणी मांडलेत, आणि मुलांनी हात लावून बघायच्या गोष्टी वेगळ्या ठेवायच्या ही या म्युझियमवाल्यांची जुनी पद्धत आहे. मुलांचे कार्यक्रम जास्त करून मे महिन्याच्या सुट्टीत, ५ जूनला पर्यावरण दिनाला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताहात असतात, दिवाळीत असतीलच असं नाही, म्हणून निघायच्या आधी फोन करा. सोमवारी बंद. आणि भोपाळला गेलातच तर श्यामला हिल्सवरचं मानव संग्रहालय चुकवू नका, २०० एकरांवर देशभरातल्या आदिवासींची घरं खरोखरची बांधून ठेवलीत, तुमच्या ५ वर्षाच्या मुलीला तेच जास्त आवडेल कारण तिथे पळता येतं.

मुंबईला जायचं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आमच्या पिढीच्या तोंडात अजून प्रिन्स ऑफ वेल्सच बसलंय. १९२२ पासून लोकांसाठी उघडं आहे, त्यात निसर्ग-इतिहासाचं दालन आहे आणि आवारातच २०१९ पासून मुलांचं वेगळं म्युझियम केलंय. शिवाय गोरेगावला फिल्म सिटीजवळ जंगलाला लागून बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) शिक्षण केंद्र आहे, ही १८८३ सालची संस्था, तिथे फुलपाखरं बघणं, जंगलातली वाट फिरणं असे घरच्या सगळ्यांनी मिळून करायचे कार्यक्रम असतात. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं म्युझियम, १८६३ चा. नुसतं नाव ऐकूनच मुलं बूट घालतात.

आता दहा मिनिटांचं. करतील, "चल ना" नक्की करतील, कारण आपण मुलांना म्युझियम "पूर्ण दाखवायला" नेतो, म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल. मीपण माझ्या मुलाला असंच नेलं होतं, तीन तास ओढत फिरवलं आणि घरी येऊन विचारलं काय आवडलं तर म्हणे लिफ्ट. तेव्हा पूर्ण बघूच नका. आदल्या दिवशी गाडीत प्रत्येकाने एकेक प्राणी निवडायचा, तो शोधायचा, त्याच्यासमोर बसून पेन्सिलीने काढायचा, कसाही आला तरी चालेल. चित्र काढताना मुलगा विचारतो की ह्याला मागच्या पायाला चारच बोटं का, तिथेच आपले पैसे वसूल. मग बाहेर येऊन भरीत-पुरीचा डबा खायचा आणि वाटलं तर परत आत जायचं. वर्कशॉप लावणार असाल तर मुलीला पाऊण तासाच्या वरचं नको, आणि बुकिंग करताना एवढंच विचारा की मुलांच्या हातात काय देणार आहात. "प्रेझेंटेशन दाखवणार" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या, मोबाईल घरीपण आहे.

प्रश्न : वर्कशॉपचे सर्टिफिकेट मिळते का? शाळेत लावता येते का? (पाचोरा)

उत्तर : मिळतं. शाळेत कुणी विचारत नाही.

प्रश्न : मॅडम, मागच्या वर्षी मुलीला मुंबईच्या म्युझियमला नेलं. भुसा भरलेले पक्षी बघून ती रडायलाच लागली, म्हणे पप्पा ह्यांना मारून इथे ठेवलं, काय फायदा. मला काही उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलापण तसंच वाटलं. (एक वडील, शहादा)

उत्तर : हा तो प्रश्न, ज्याच्यासाठी मी रात्री साडेबारापर्यंत जागी होते. दादा, तुम्ही नेमके शहाद्याचे निघालात, ह्याला योगायोग म्हणू की काय म्हणू! मुलीला शेजारी बसवा आणि हे वाचून दाखवा.

आपल्या सातपुड्यात एक छोटा घुबडाच्या जातीचा पक्षी आहे, रानपिंगळा, कुणी वनपिंगळापण म्हणतात. अंगणातल्या पिंगळ्याएवढाच, पण डोक्यावर ठिपके जवळपास नाहीतच आणि बऱ्यापैकी दिवसासुद्धा जागा असतो. १८७२ मध्ये छत्तीसगडच्या बाजूला तो पहिल्यांदा एका इंग्रजाच्या हाती लागला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. हो, तेच ह्यूम जे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते, पक्ष्यांचं वेड जबरदस्त. त्यानंतर खान्देशात एक इंग्रज अधिकारी आला, जेम्स डेव्हिडसन. कचेरीचं काम करता करता पक्षी गोळा करायचा त्याला नाद, आणि शहादा-तळोद्याच्या जंगलात त्याला हा पक्षी मिळाला. मारलाच त्याने, ते काही गोड करून सांगत नाही. कातडी सोलून, कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधून, चिठ्ठीवर गाव आणि तारीख लिहून विलायतेला पाठवला. शेवटचा खरा नमुना १८८४ चा. त्यानंतर हा पक्षी कुणालाच दिसला नाही. जगभरातल्या म्युझियममध्ये मिळून फक्त ७ नमुने, लोक म्हणायला लागले की संपला.

आता खरी गंमत पुढे आहे. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी, पक्षीतज्ज्ञ म्हणून मोठं नाव, त्याने सांगितलं की मला १९१४ मध्ये हा पक्षी गुजरातमधल्या मांडवीला मिळाला. मोठ्या माणसावर कोण शंका घेणार! पुढे सलीम अली आणि अमेरिकेचे रिप्ली ह्यांच्यासारख्या पक्षीतज्ज्ञांनीसुद्धा शोध घेतला पण पक्षी काही हाती लागला नाही. मग पामेला रासमुसेन नावाच्या अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञ बाईने नायजेल कॉलर ह्यांच्यासोबत तो नमुना नीट तपासला, एक्स-रे वगैरे काढून, तेव्हा कळलं की साहेबांनी पक्षी पकडलाच नव्हता. ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचाच जुना पक्षी उचलला, भरलेला कापूस काढून नवा भरला, जुनी चिठ्ठी काढली आणि स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी बांधली. चोरी झाली पक्ष्याची, पण खरं नुकसान केलं चिठ्ठीने.

ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून बाई आणि तिचे दोन साथीदार खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं घेऊन भारतात आले. आधी पूर्वेकडे छत्तीसगडच्या बाजूला शोधलं, काही नाही. मग खान्देशात आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, सकाळच्या उन्हात झाडावर बसलेला जिवंत रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हासुद्धा झाला नव्हता, शहादा धुळ्यातच होतं. त्यानंतर तोरणमाळला, यावलला, मेळघाटात आणि अजून काही ठिकाणी हा पक्षी सापडत गेला.

म्हणजे मुलीला सांगा, बेटा, तो पक्षी मेला ह्याचं वाईट वाटतं ते बरोबरच आहे, वाटलंच पाहिजे, पण त्याच्या पायाला तुझ्या गावाचं नाव बांधलेलं होतं म्हणून त्याची नातवंडं-पतवंडं आहेत हे जगाला कळलं. हल्लीची म्युझियमं नवे प्राणी मारून शोकेस भरत नाहीत, प्राणीसंग्रहालयात म्हातारपणाने मेलेले, गाडीखाली आलेले, असे जास्त करून वापरतात. पुढच्या वेळी तिला म्हणावं पक्ष्याकडे नंतर बघ, आधी पायातली चिठ्ठी वाच.

प्रश्न : म्युझियममधल्या वाघाचे डोळे खरे असतात का? आणि जीभ? (वय ९, अमळनेर. आईच्या मोबाईलवरून)

उत्तर : डोळे काचेचे. जीभपण बनवलेली. कातडं खरं, आणि नखं बहुतेक खरी. आत भुसा असतो असं आपण म्हणतो पण आता फायबर किंवा फोमचं अंग तयार करतात आणि त्याच्यावर कातडं चढवतात, टेलर जसा कोट चढवून बघतो ना तसं. मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये हे काम करणारं केंद्र आहे, २००९ पासून. तू फार भारी प्रश्न विचारतोस. आईचा मोबाईल परत दे.

प्रश्न : ताई, नातू सुट्टीत आला की शेतातून, नाल्यातून दगड, पिसं, हाडं, काय काय उचलून आणतो. सूनबाई ओरडते. मी म्हणतो करू दे, घरातच म्युझियम करू. तर ह्याला काही शास्त्र आहे का, आणि काही कायद्यात अडकणार तर नाही ना? (आजोबा, चाळीसगाव तालुका)

उत्तर : आबा, तुमच्या नातवाला माझ्याकडून एक खोकं बक्षीस. शास्त्र एवढंच : वस्तू खोक्यात जायच्या आधी चिठ्ठी. काय आहे (माहीत नसेल तर "काळा जड दगड" असं लिहा, चालतं), कुठे सापडलं, कधी, कुणाला. "शेतात" असं नको, "विहिरीच्या उत्तरेला बांधावर" असं. वर रानपिंगळ्याची भानगड वाचलीत ना, चिठ्ठी नसेल तर तो नुसता दगड, आणि सूनबाईंचं म्हणणं मग बरोबर ठरतं.

कायद्याचं म्हणाल तर दगड, पानं, बिया, गोगलगायींची रिकामी टरफलं, झाडाला चिकटलेली किड्यांची कात, हे बिनधास्त. हरणाची शिंगं मात्र घरात आणायची नाहीत, गळून पडलेली असली तरी नाही. वाघ-बिबट्याचं नख-दात विसराच. १९७२ चा वन्यजीव कायदा ह्या बाबतीत कडक आहे. मोराची आपोआप गळालेली पिसं घरात ठेवायला हरकत नाही, पण बाकी रानपक्ष्यांची पिसं, घरटी, अंडी जिथली तिथे ठेवा, चित्र काढा, फोटो काढा, आणि चिठ्ठी त्या चित्राला लावा.

दगडांचं तर आपल्याकडे सोनंच आहे. कुठे नवी विहीर खणत असतील तर बाहेर टाकलेला मुरूम-दगड नातवाला बघू द्या, त्यात पांढरे, गुलाबीसर चमकणारे स्फटिक दिसतील. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांमध्ये नंतर पाण्यासोबत खनिजं येऊन बसली, त्यातले बरेच स्टिल्बाइट, ह्युलँडाइट असे झिओलाइट नावाच्या खनिजांच्या गटातले. सावद्याकडच्या खाणीतले असे स्फटिक जगभरच्या दगडवेड्यांना माहिती आहेत, आपण आपले केळीसाठीच सावदा ओळखतो. घरी परीक्षा करायची तर फुटक्या काचेवर घासून बघा (मोठ्या माणसाने, नातवाने नाही). काचेवर ओरखडा उठला तर बहुतेक गारेचा दगड (क्वार्ट्झ), नाही उठला तर दुसरं काही. मग लिंबाचा थेंब टाका, बारीक फेस आला तर कॅल्साइट (चुन्याचं खनिज), झिओलाइटला येत नाही. हेच सगळं मोठ्या रूपात बघायचं तर सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, चाळीसगावहून काही फार लांब नाही, नाशिकला लग्नकार्याला गेलात की वाकडी वाट करा.

आणि आबा, तुमच्या तालुक्याची एक गोष्ट तर सांगायलाच पाहिजे. पाटणादेवीला तुम्ही शंभरदा गेला असाल. तिथलंच पाटणे गाव. १९७० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या डॉ. साळींनी तिथे उत्खनन केलं, त्यात सापडली शहामृगाच्या अंड्याची कवचं, आणि त्याचे मणी, आणि एका तुकड्यावर तर बारीक आडव्या-तिरक्या रेघांची नक्षी कोरलेली. वय साधारण २५,००० वर्षं. म्हणजे चाळीसगावला शहामृग पळत होते भो, आणि कुणीतरी बसून त्यांच्या अंड्याचे दागिने करत होतं! नातवासोबत हा उद्योग करून बघा : शहामृगाचं अंडं साधारण १५ सेंटिमीटर उंच असतं, आधी ते कागदावर खऱ्या मापाचं काढायचं, शेजारी कोंबडीचं अंडं ठेवायचं. मग कोंबडीच्या अंड्याचं कवच घेऊन त्याला भोक पाडून मणी करायचा प्रयत्न करायचा. मी चौदा कवचं फोडली, मणी एकही झाला नाही. २५,००० वर्षांपूर्वीच्या त्या माणसाबद्दल तेव्हा जो आदर वाटतो तो वाचून नाही वाटत. फक्त पाटण्याला जाऊन स्वतः उकरायला लागू नका, ती जागा सगळ्यांची आहे.

प्रश्न : डायनासोर पार्कला नेलं होतं, फायबरचे होते, डरकाळी वगैरे. पोरगा विचारतो धुळ्यात डायनासोर होते का? (धुळे)

उत्तर : असतील, पण ते आपल्या पायाखाली गाडले गेलेत, आणि वर शेकडो मीटर दगडाचं झाकण बसलंय. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर, तोच आपला काळा दगड. लळिंगच्या किल्ल्यावर जाल तेव्हा आजूबाजूला शेतांमधून भिंतीसारख्या सरळ गेलेल्या काळ्या दगडाच्या रांगा बघा, कुणी बांधलेल्या नाहीत, लाव्हा ज्या भेगांमध्ये थिजला त्या भेगा आहेत ह्या. भूशास्त्रवाले त्याला डाइक म्हणतात आणि धुळे-नंदुरबारचे डाइक अभ्यासायला लांबलांबून येतात. आपण गाडी थांबवून बघतसुद्धा नाही.

झाकण जिथे संपतं तिथे मात्र डायनासोर निघतात. आग्रा रोडने सेंधव्याच्या पुढे गेलं की धार जिल्ह्यात बाग नावाचं गाव आहे, त्या नर्मदेच्या पट्ट्यात अंड्यांची घरटीच्या घरटी सापडलीत, २०२३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजलीत. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोरचं म्युझियमच आहे, आणि नर्मदेच्या नावावरून नाव ठेवलेला राजासॉरस नर्मदेन्सिस हा तिथलाच गडी. पोराला फायबरची डरकाळी ऐकवण्यापेक्षा एकदा रैयोलीला न्या. डरकाळी कशी होती हे तसंही कुणालाच माहीत नाही.

प्रश्न : मी सातपुड्याच्या पायथ्याच्या जि. प. शाळेत शिक्षक आहे. आमची मुलं मुंबई-भोपाळ कधी बघणार? शाळेतच पालकांसोबत असं काही करता येईल का? बजेट शून्य समजा. पालक केळीच्या कामाला जातात, दिवसा येत नाहीत. (यावल तालुका)

उत्तर : सर, तुमच्याकडे बजेट नाही पण बाकी सगळं आहे. आधी एक सांगते, मुंबईच्या त्या वस्तुसंग्रहालयाची म्युझियम ऑन व्हील्स म्हणून बस आहे, २०१५ पासून ती गावोगाव, शाळाशाळांत फिरते. शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र टाकून ठेवा. नंबर कधी लागेल ते लागेल, पत्राला पैसे पडत नाहीत.

तोपर्यंत, पालक संध्याकाळी येतात ना, मग संध्याकाळीच करा. व्हरांड्यात पांढरी चादर ताणून बांधा, समोर दिवा लावा, पावसाळ्याच्या शेवटी अंधाऱ्या रात्री अर्ध्या-पाऊण तासात चादरीवर पतंग, भुंगे, नाकतोडे येऊन बसतील. पकडायचं नाही, मारायचं नाही, मोजायचे आणि काढायचे. अमावस्येच्या आसपास जास्त येतात, चांदण्यात कमी. एका वर्षी मी हा कार्यक्रम पौर्णिमेला ठेवला होता, पालक चाळीस आणि पतंग तीन.

सकाळी लवकर नाल्याच्या ओल्या वाळूत ठसे शोधायचे. काळ्या मातीत ठसा छान उठतो पण साचा काढताना सगळी माती चिकटून येते, वाळू बरी. पुठ्ठ्याची पट्टी गोल करून ठशाभोवती खोचायची, दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी, पातळ दह्यासारखं, हळूच ओतायचं, अर्धा तास हात लावायचा नाही. हा अर्धा तास म्हणजे मुलांची खरी परीक्षा. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात, मांजरीच्या दिसत नाहीत कारण ती नखं आत ओढून चालते, आणि बिबट्यापण मांजराच्याच घरातला, हे तुमच्या मुलांना सांगावंसुद्धा लागणार नाही, तीच तुम्हाला सांगतील.

शाळेच्या किंवा देवळाच्या छपरात गव्हाणी घुबड असेल तर खाली काळपट गोळ्या पडलेल्या असतात. ती विष्ठा नाही, न पचलेली हाडं-केस घुबड तोंडाने बाहेर टाकतं. हातमोजे, तोंडाला मास्क, गोळी डेटॉलच्या कोमट पाण्यात भिजवायची आणि काडीने उकलायची, मग हात साबणाने. आत उंदराचे जबडे निघतात. ते जबडे काळ्या कागदावर मांडून ठेवा आणि शेतकरी पालकांना मोजायला सांगा. घुबड अपशकुनी आहे म्हणून दगड मारणारा माणूस स्वतःच्या शेतातले उंदीर मोजायला लागला की त्याचा चेहरा बघा फक्त, मला तर तुमचा हेवा वाटतो.

आणि सगळ्यात सोपं, एक "हाई काय शे?" (हे काय आहे?) दिवस ठेवा. न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास म्युझियममध्ये अशी पद्धत आहे, लोक घरातला कुठलाही विचित्र दगड, हाड, शिंपला घेऊन येतात आणि तज्ज्ञ टेबलावर बसून ओळखून देतात. तुमच्या टेबलावर तज्ज्ञ म्हणून मुलांच्या आज्ज्या बसवा. पावरा, तडवी आदिवासी घरांमधल्या म्हाताऱ्या माणसांना जेवढी झाडं पानावरून, सालीवरून ओळखता येतात तेवढी मला बीएस्सी करून येत नाहीत. मुलांनी आज्जीचं म्हणणं लिहून घ्यायचं, चिठ्ठीवर पहिलं नाव तिच्या बोलीतलं, मग मराठी, शास्त्रीय नाव जमलं तर. सांगणाऱ्या आज्जीचं नावपण लिहायचं, इंग्रज साहेबांचं लिहितात तसं. कालांतराने वर्गाच्या कपाटात पन्नास-साठ चिठ्ठ्यांचे नमुने झाले की मला कळवा, मी रावेरला बहिणीकडे येतच असते, वाकडी वाट करून बघायला येईन.

प्रश्न : तोरणमाळला रानपिंगळा नक्की कुठे बसतो? लोकेशन टाका ना ताई, दिवाळीत फॅमिलीसोबत फोटो काढायला जायचंय. (नंदुरबार)

उत्तर : लोकेशन नाही टाकणार. रागावू नका. पक्षी मोजकेच उरलेत, झाडाच्या ढोलीत घरटं करतात, आणि एकदा जागा ग्रुपवर गेली की शे-दीडशे कॅमेरे येतात, मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावतात, वर घुबडं पकडून विकणारेपण तेच ग्रुप वाचतात. तोरणमाळला वनखात्याच्या माणसांना विचारा, ते योग्य वाटलं तर घेऊन जातील. सकाळी लवकर निघा, लहान मुलांना स्वेटर घाला, दिवाळीत वर चांगलीच थंडी असते. दिसला तर तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा. नाही दिसला तर तेपण लिहा.